"ती परवापासून आहे": एका नववधूच्या लग्नाचं आणि हनिमूनचं प्रकरण

लग्नानंतरच्या सहाव्या दिवशी पहाटे पावणेसहाला तिचा फोन आला. "डॉक्टर, सॉरी, झोपमोड केली. तसं एवढं काही नाहीये. थोडा ताप आहे आणि पाठ दुखतेय. तो झोपलाय, म्हणून बाथरूममधून बोलतेय." आवाज इतका दबका होता, की मला दोनदा "जरा मोठ्याने बोल" म्हणावं लागलं. थंडी वाजते का, विचारलं. रात्री दात वाजत होते म्हणाली. पाठ नेमकी कुठे दुखते? उजवीकडे, बरगड्यांच्या खाली. उलटी? एकदा झाली. लघवीला जळजळ?

इथे ती थांबली. मग म्हणाली, "ती परवापासून आहे."

त्या तीन शब्दांमुळे हे प्रकरण सविस्तर लिहायचं मी ठरवलं. लिहायला तिची आणि तिच्या नवऱ्याची संमती आहे, मजकूर दोघांनी वाचला आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवलाय. लग्न ठरलेल्या मुलींनी तो वाचावा, आणि त्यांच्या होणाऱ्या नवऱ्यांनीही.

लग्नाचा दिवस

ती 27 वर्षांची, तब्येतीने ठणठणीत. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आधी कधी मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला नाही. लग्नाच्या आदल्या रात्री साडेतीन तास झोप झाली होती. त्या दिवशी तिने किती पाणी प्यायलं, हे आम्ही नंतर बसून आठवून आठवून मोजलं. पहाटेपासून रात्री नऊपर्यंत जेमतेम दोन पेले. एवढ्या वेळात ती लघवीला एकदाच गेली होती.

तहान लागली नव्हती, असं नाही. तिने ठरवूनच पाणी प्यायलं नाही. पोशाख जड, अनेक थरांचा आणि कमरेला घट्ट आवळलेला. स्वच्छतागृहात जायचं तर दोघींना बरोबर न्यावं लागे. एकीने कापड धरायचं, दुसरीने दार. सकाळी एकदा ती गेली तेव्हा या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली, बाहेर सगळे खोळंबले आणि कुणीतरी जरा चिडलं. त्यानंतर तिने पाण्याचा पेला हातात घ्यायचंच बंद केलं. हे मी बऱ्याच नववधूंकडून ऐकलंय. घरातल्या मोठ्या बायकाही प्रेमाने हाच सल्ला देतात: "आज पाणी बेताचंच पी गं, मग पंचाईत होते." या सल्ल्याचा मला आता राग येतो.

संध्याकाळी पाहुण्यांना भेटायला ती अडीच तास एका जागी उभी होती. समोर प्रखर दिवे. आपण उभे असतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाच्या खालच्या भागाकडे उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि ते रक्त वर ढकलत राहतात. निश्चल उभं राहिलं, गुडघे ताठ ठेवले, की हा पंप बंद पडतो. त्यात उष्णता, अपुरी झोप आणि शरीरात पाणी कमी. अशा वेळी मज्जासंस्थेची एक उलटी प्रतिक्रिया येऊ शकते. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला काही क्षण रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. निरोगी तरुण माणसाला चक्कर येऊन पडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

कोसळण्याआधी शरीर सूचना देतं. तिलाही दिली होती. आधी तिने लागोपाठ तीन जांभया दिल्या. मोठी बहीण शेजारी होती, तिला वाटलं झोप येतेय. मग वरच्या ओठावर घाम आला. समोरच्याचं बोलणं लांबून, विहिरीतून आल्यासारखं ऐकू येऊ लागलं. ती बहिणीला म्हणाली, "मला जरा बसायचंय." बहीण म्हणाली, "बस, हे दोन फोटो होऊ दे." ते दोन फोटो झाले. तिसऱ्या फोटोच्या आधी ती पडली.

दोघांनी तिला उचलून खुर्चीत बसवायला घेतलं. घाबरल्यावर सगळे हेच करतात आणि हेच चुकतं, कारण बसवलं की डोकं पुन्हा वर जातं. गर्दीतल्या एका वयस्कर आत्याबाईंनी दोघांना थांबवलं, तिला तिथेच आडवी केली, पाय उचलून उशांवर ठेवले आणि कमरेची आवळणी सैल केली. अर्ध्या मिनिटात तिने डोळे उघडले. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, हेही त्याच बाईंनी ओरडून सांगितलं. त्यांनी कुठे शिक्षण घेतलं होतं मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांनी अगदी अचूक काम केलं.

नंतर जे झालं ते मला चक्कर येण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ती उठून बसली, तेव्हा आईने कानात सांगितलं, "आता बाहेर काही बोलू नकोस. गरम झालं म्हणायचं." आईचा हेतू चांगला होता, मुलीला लोकांच्या प्रश्नांपासून वाचवायचं होतं. तोंड पुसून दहा मिनिटांत ती परत उभी राहिली आणि हसली. नवरा त्या वेळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. आपली बायको शुद्ध हरपून पडली होती, हे त्याला सहा दिवसांनी माझ्या फोनवर कळलं.

रात्री अंगठीचा प्रसंग झाला. दिवसभर हात खाली सोडून उभं राहिल्याने आणि उकाड्याने बोटं सुजली होती. महिन्याभरापूर्वी नीट बसलेली अंगठी आता सांध्याच्या अलीकडे रुतली आणि बोट जांभळट दिसू लागलं. बहिणीने आधी साबण लावून ओढून पाहिलं, त्याने सूज वाढली. मग हात पाच-दहा मिनिटं डोक्याच्या वर धरला, गार पाण्यात बुडवला आणि दात साफ करायच्या दोऱ्याचं टोक अंगठीखालून तळहाताच्या बाजूला काढलं. उरलेला दोरा अंगठीला लागूनच बोटावर पदर जवळ जवळ घेत सांध्याच्या पलीकडपर्यंत घट्ट गुंडाळला. मग खालचं टोक धरून हळूहळू उलगडत नेलं. दोरा सुटत जातो तशी अंगठी त्यावरून पुढे सरकते. तिची निघाली. बोट बधिर झालं किंवा काळंनिळं पडलं असतं तर यात वेळ घालवायचा नसतो, रुग्णालयात जाऊन अंगठी कापून घ्यायची.

विमानतळ

दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान होतं. तिकिटं नवऱ्याच्या घरच्यांकडून भेट मिळाली होती आणि कौतुकाने तिचं नाव नव्या आडनावाने घातलं होतं. पासपोर्ट अर्थातच जुन्या नावाचा. आंतरराष्ट्रीय प्रवासात तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळावं लागतं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांतलं नाव ग्राह्य धरतात. काउंटरवर त्यांनी फोनमधली लग्नाची पत्रिका दाखवली, फोटो दाखवले, कशाचाच उपयोग झाला नाही. विमान कंपनीने शेवटी नाव दुरुस्त करून दिलं, पण त्यात पावणेदोन तास गेले. दोघांना धावत जाऊन विमान मिळालं. तिची बॅग मागे राहिली.

लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर खुशाल बदलावं. पण पासपोर्ट बदलून हातात येईपर्यंत तिकीट, व्हिसा आणि प्रवास विमा जुन्याच नावाने काढावा. या जोडप्याचा विमा सुदैवाने पासपोर्टच्या नावावर होता. तो पुढे कामाला आला.

पोहोचल्यावर सरकत्या पट्ट्यावर चाळीस मिनिटं वाट पाहून बॅग आली नाही, तेव्हा नवऱ्याने जे केलं ते मला आजही कौतुकाचं वाटतं. तो दालनातून बाहेर न पडता थेट विमान कंपनीच्या सामान-कक्षात गेला, लेखी तक्रार नोंदवली, तिचा संदर्भ क्रमांक घेतला, हॉटेलचा पत्ता दिला. पुढचे तीन दिवस कपड्यांसाठी आणि गरजेच्या वस्तूंसाठी जो खर्च झाला त्याच्या पावत्या जपून ठेवल्या. 1999 चा मॉन्ट्रियल करार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईबद्दलचा) ज्या प्रवासांना लागू आहे, त्यांत बॅग उशिरा मिळाली तर ती ताब्यात आल्यापासून 21 दिवसांत, आणि खराब झालेली मिळाली तर 7 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. 21 दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून दर प्रवाशामागे 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा आहे, हक्काची ठोक रक्कम नव्हे. जेवढं नुकसान दाखवता येईल तेवढंच मिळतं, म्हणून पावत्या हव्यात.

बॅग चौथ्या दिवशी संध्याकाळी आली. पण तोवर तिच्यामुळे एक गोष्ट घडून गेली होती.

बॅगेतल्या गोळ्या

लग्नाच्या आसपास पाळी येणार होती. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. घेण्याची पद्धत बरोबर होती. डॉक्टरला मात्र विचारलं नव्हतं, आणि गोळ्यांचं पाकीट त्या मोठ्या बॅगेत होतं.

या गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिची शेवटची गोळी विमानतळावर जाण्याआधी घेतलेली. चौथ्या दिवशी रात्री पाळी आली.

दोन गोष्टी इथे नीट सांगायला हव्यात, कारण अशा मुली माझ्याकडे वर्षभर येत असतात. एक, या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून घ्यायच्या नसतात. दोघांनी दुसरं कोणतंही साधन वापरलं नव्हतं, कारण "मी गोळ्या घेतेय" या वाक्याचा दोघांनी तोच अर्थ घेतला होता. दोन, नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकात बदलतो, आणि त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. ज्यांना स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना रक्ताच्या गुठळीचा त्रास झालाय, ज्यांच्या अर्धशिशीत आधी डोळ्यांपुढे चमक येते, त्यांनी ही गोळी मैत्रिणीच्या भरवशावर घेऊन लांबच्या विमानप्रवासाला बसू नये. तिला यांपैकी काही नव्हतं. पण हे कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

कुणी म्हणजे मीसुद्धा. लग्नाच्या महिनाभर आधी ती घसा दुखतो म्हणून माझ्याकडे आली होती. मी अभिनंदन केलं, औषध लिहून दिलं, फिरायला कुठे जाणार हे कौतुकाने विचारलं. पाळीची तारीख विचारली नाही, गर्भनिरोधनाबद्दल विचारलं नाही. तीही बोलली नाही. दवाखान्याबाहेर तिची आई बसली होती.

तिसरा, चौथा आणि पाचवा दिवस

दोघांचाही हा पहिलाच शारीरिक संबंध होता. तिसऱ्या दिवशी रात्री तिला खाली जड वाटू लागलं. चौथ्या दिवशी सकाळी उठली तेव्हा लघवीला जळजळ होत होती. दर वीस मिनिटांनी जावंसं वाटे आणि चार थेंब होत. जाऊन आली की पुन्हा जायची इच्छा.

हे फार नेहमीचं आहे. इतकं, की जुन्या वैद्यकीय लिखाणात याला "हनिमून सिस्टायटिस" (सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाचा दाह) असं नावच पडलंय. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचं तोंड योनी आणि गुदद्वार यांच्या जवळ असतं. आतड्यात राहणारे जिवाणू, बहुतेक वेळा ई. कोलाय, संबंधाच्या वेळी सहज मूत्रमार्गात आणि तिथून मूत्राशयात ढकलले जातात. त्यातले बरेचसे लघवीबरोबर धुऊन जातात. म्हणजे लघवी पुरेशी आणि वेळच्या वेळी व्हायला हवी. तिची होत नव्हती. लग्नाच्या दिवशीची पाण्याची तूट तशीच होती, विमानात खिडकीकडची जागा म्हणून पुन्हा कमी प्यायली, पोहोचल्यावर उन्हात फिरणं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर जास्तीचं पाणी प्यायला सांगितलं होतं. त्यांना वर्षात सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. हा आकडा वारंवार त्रास होणाऱ्यांचा आहे, तिला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी पाणी हे साधं औषध आहे, यात मला शंका नाही. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं असंही आम्ही सांगतो. त्यामागचा पुरावा भक्कम नाही, पण त्यात तोटा काहीच नाही.

चौथ्या दिवशी सकाळीच तिने सांगितलं असतं तर लघवीची तपासणी आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या, एवढ्यावर काम भागलं असतं.

तिने सांगितलं नाही. का, हे मी तिला नंतर विचारलं. ती बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी उलगडत बसली, मग बोलली. तिला वाटलं, हे आपल्याच शरीराचं काहीतरी चुकलंय. पहिल्याच वेळी असं झालं म्हणजे आपण "नॉर्मल" नाही. त्याला सांगितलं तर त्याला आपली किळस येईल, किंवा त्याच्यामुळे झालं म्हणून तो मनाला लावून घेईल. आईला फोन केला तर आई काळजी करेल, आणि मुळात हे आईला सांगायचं कसं? शिवाय सगळे रोज विचारत होते, "मजा येतेय ना?" रोज फोटो मागत होते. ती रोज पाठवत होती.

नवऱ्याला टोपी घ्यायला समोरच्या गल्लीत पाठवून ती औषधाच्या दुकानात शिरली आणि जळजळीवर काहीतरी द्या म्हणाली. तिला फेनाझोपिरिडीन मिळालं. काही देशांत ते चिठ्ठीशिवाय मिळतं. हे औषध मूत्रमार्गाच्या अस्तराची आग शमवतं, जिवाणूंना त्याने काहीही होत नाही. दुपारपर्यंत तिला बरं वाटलं. जंतू मात्र वर सरकत होते.

फेनाझोपिरिडीनने लघवी गडद केशरी होते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी पहाटे तिने पाहिलं, तर भांड्यात केशरी-लाल पाणी, हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलवर न निघणारा डाग, आणि आदल्या रात्रीपासून पाळीचं रक्त. तिच्या पोटात गोळाच आला. आतून काहीतरी फाटलंय, अशी तिची खात्री झाली. टॉवेल धुऊन धुऊन तिने तो कपाटाच्या मागे लपवला. औषधाचा रंग आणि पाळीचं रक्त, दोन वेगळी कारणं, दोन्ही निरुपद्रवी, आणि ती बाथरूमच्या फरशीवर एकटी बसून रडत होती. पलीकडे दहा फुटांवर तिचा नवरा झोपलेला होता.

आता त्याची बाजू. चौथ्या दिवसापासून ती त्याच्या जवळ येईना. डोकं दुखतं म्हणायची, पाठ करून झोपायची, सतत उठून बाथरूममध्ये जाऊन दार लावून घ्यायची. पाचव्या दिवशी संध्याकाळी बोटीच्या सफरीची तिकिटं त्याने काढली होती. तीन तासांची सफर, बोटीवर स्वच्छतागृह नाही. तिने जायला नकार दिला, कारण सांगितलं नाही. तो म्हणाला, "तुला माझ्याबरोबर कुठेच यायचं नसतं." ती काहीच बोलली नाही. तो जाऊन किनाऱ्यावर दोन तास बसला. मला म्हणाला, "डॉक्टर, मला वाटलं तिला हे लग्नच नको होतं. घरच्यांनी लावलं म्हणून केलं असणार. घरी गेल्यावर सरळ विचारायचं ठरवलं होतं मी."

बॅग आली नाही हे त्याने चाळीस मिनिटांत अनोळखी माणसाला जाऊन सांगितलं. लेखी तक्रार केली, क्रमांक घेतला, रोज फोन करून पाठपुरावा केला. तिची जळजळ दोन दिवस त्या खोलीत होती आणि त्याला ठाऊक नव्हती. तो बेफिकीर नव्हता, उलट हा मुलगा कोणत्याही अडचणीत लगेच उठून कामाला लागणारा. त्याच्यापर्यंत ती अडचण पोहोचलीच नाही.

फोनवर आणि रुग्णालयात

ताप, हुडहुडी, एका बाजूला पाठदुखी आणि उलटी ही चार लक्षणं एकत्र आली की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असं धरायचं आणि त्याच दिवशी तपासून घ्यायचं. मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी आम्ही सर्रास देतो त्या नायट्रोफ्युरँटॉइनचा इथे उपयोग नसतो, मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये ते पुरेसं पोहोचत नाही. म्हणून फोनवर गोळी सुचवून मोकळं होण्याचा प्रश्नच नव्हता.

मी तिला म्हटलं, "आधी त्याला उठव."
"नको ना डॉक्टर, मी टॅक्सी करून जाऊन येते. त्याला आधीच राग आलाय."
"तू एकटी जाणार नाहीस. उठव त्याला, मी फोनवर आहे."

दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मग त्याचा आवाज, झोपेतला, "काय झालं?" आणि लगेच, वेगळ्याच आवाजात, "अगं, तू किती तापलीयेस!" पुढची पाच मिनिटं मी फक्त ऐकत होते. ती रडत रडत सगळं उलट्या क्रमाने सांगत होती. टॉवेल, गोळ्या, जळजळ, पाळी, शेवटी लग्नातली चक्कर. तो एकदाच मधे बोलला. "मग बोटीला 'नाही' म्हणालीस, ते यासाठी?"

त्याने विम्याच्या मदत-क्रमांकावर कळवलं, कोणतं रुग्णालय चालेल ते विचारून घेतलं, अर्ध्या तासात ते तिथे होते. ताप 39.2 अंश सेल्सियस. लघवीत पू पेशी भरपूर. तिथल्या डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधी गरोदरपणाची चाचणी केली, ती नकारात्मक आली. पाळी आल्यामुळे शक्यता कमीच होती, तरी शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायला मी सांगितलं, कारण त्याआधीची नकारात्मक चाचणी पक्की मानता येत नाही. एरवी साधनाशिवाय संबंध आला तर उशीर करायचा नसतो. संबंधानंतर घ्यायच्या आपत्कालीन गोळ्यांपैकी लेव्होनॉरजेस्ट्रेल 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यायची असते. युलिप्रिस्टल 120 तासांपर्यंत चालते.

सोनोग्राफीत अडथळा वगैरे काही नव्हता. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, ई. कोलाय सापडला. दोन दिवस शिरेतून प्रतिजैविक आणि सलाइन, मग तोंडाने गोळ्या, मिळून दहा दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. हनिमूनचे उरलेले दोन दिवस त्यांनी हॉटेलच्या खोलीत काढले. तो तिच्यासाठी पाण्याची बाटली भरून ठेवायचा आणि तिने किती प्यायली याची खूण बाटलीवर पेनाने करायचा. ते दोन दिवस सगळ्यात चांगले गेले, असं दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं.

परत आल्यावर

तीन आठवड्यांनी दोघं दवाखान्यात आली. दुसरी चाचणीही नकारात्मक होती. आम्ही गर्भनिरोधनाबद्दल तिघांनी बसून बोललो, तासभर लागला. विम्याने रुग्णालयाचा खर्च दिला होता, विमान कंपनीकडे बॅगेच्या पावत्या पाठवून झाल्या होत्या.

या प्रकरणानंतर मी एक बदल केला. लग्न ठरलेली कोणतीही मुलगी काहीही कारणाने आली, तरी बरोबरच्या माणसांना पाच मिनिटं बाहेर बसवते. पाळीची तारीख विचारते, गर्भनिरोधनाचं विचारते, आणि जळजळ झाली तर काय करायचं हे तिने न विचारताच सांगते. नवरा मुलगा आला तर त्यालाही तेच सांगते, अगदी त्याच शब्दांत. बहुतेक मुलगे ऐकताना खाली बघतात. मग दाराशी जाऊन परत वळतात आणि नेमका एखादा प्रश्न विचारतात.

निघताना तिने फोनवर लग्नाचे फोटो दाखवले. त्यातला एक मोठा करून घरच्यांनी भिंतीवर लावलाय. तिचा सगळ्यात सुंदर फोटो तोच, असं सगळे म्हणतात. पडण्याआधीच्या त्या दोन फोटोंपैकी तो दुसरा. चेहरा शांत, नजर कुठेतरी लांब, ओठांवर पुसटसं हसू. तिने बोटाने वरच्या ओठाशी मोठं करून दाखवलं. तिथे घामाचे बारीक थेंब चमकत होते.

"इथे मला समोरचं काहीच दिसत नव्हतं," ती म्हणाली.

नवरा तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. त्याने फोन हातात घेतला आणि बराच वेळ तो फोटो बघितला.